हत्ती स्वस्त, चारा महाग

मुंबई–कोलकाता महामार्गाला आमच्याकडची जुनी माणसे अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. सरकारदरबारी त्याचा क्रमांक आता ५३ आहे. अमरावतीहून नागपूरकडे निघाले की याच रस्त्यावर नांदगाव पेठ लागते. समृद्धी महामार्गालगतचे नांदगाव खंडेश्वर वेगळे, हे वेगळे. इथे एमआयडीसी आली, कापडाचे कारखाने आले, वीज प्रकल्प आला, टोलनाका आला. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत तासभर बसले, की विदर्भाची सगळी उलाढाल डोळ्यांसमोरून सरकते. गाठींनी लादलेले ट्रक, संत्र्यांच्या गाड्या, लक्झरी बसेस. हल्ली या वर्दळीत एक नवी जात दिसू लागली आहे. मोटार जर्मन, रंग काळाभोर, नंबरप्लेट दिल्ली-हरियाणाकडची आणि चालवणारा मात्र आपल्याच तालुक्यातला.

ही मोटार इथवर येते कशी? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडे आठ-नऊ वर्षे वापरलेली साठ लाखांची गाडी मालकाला नकोशी होऊ लागली. दलाल ती उचलतो, पॉलिश करतो आणि चौदा-पंधरा लाखांना महाराष्ट्रात धाडतो. तेवढ्याच पैशांत इथे साधी, नवी, चारचौघांसारखी गाडी येते. मग तरुण पोराने कोणती घ्यावी?

असाच एक ओळखीचा तरुण मला सल्ला विचारायला आला होता. वडिलांच्या जमिनीचा तुकडा संपादनात गेला होता आणि मोबदल्याची रक्कम खात्यात पडून होती. "काका, साठ लाखांची गाडी चौदा लाखांत भेटून राह्यली. यात नुकसान कायचं?" असा त्याचा सवाल. बँकेत तीस-पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासल्यावर माणसाला एक खोड लागते. किमतीच्या आकड्यापेक्षा त्याच्या मागून येणारे आकडे तो आधी पाहतो. मी त्याला एवढेच म्हटले, "बाबा, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी चौदा लाखांची झाली, तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच राहतो."

हे सूत्र कळले की बाकीचे आपोआप उलगडते. या मोटारींच्या काही मॉडेलांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. गाडी त्यांच्यावर तरंगते, म्हणून खड्डा जाणवत नाही. पण रबराला वय असते आणि आमच्या वऱ्हाडातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा ते लवकर वाढवतो. पिशवीला बारीक चीर गेली, की रात्रभरात गाडी एका कोपऱ्यावर बसते. मालक दुर्लक्ष करतो. पिशवीतली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. वेळीच लक्ष दिले असते तर एका पिशवीवर भागणारा खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

गिअरबॉक्सची कथाही तशीच. 'हे तेल आयुष्यभर पुरते' या बोलण्यावर विसंबून आधीच्या मालकाने ते कधीच बदललेले नसते. मग आतली इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक यंत्रणा बिघडते आणि बिल लाखांत जाते. काही इंजिनांत टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. चेन स्वतः फार महाग नसते, पण तिच्यापर्यंत पोहोचायचे तर अख्खे इंजिन उतरवावे लागते. थंड पाण्याच्या प्लास्टिक नळ्या उष्णतेने ठिसूळ होतात, टर्बोच्या सांध्यांतून तेल गळते. डिझेल गाडीच्या धुराड्यातल्या गाळणीला अधूनमधून लांबचा प्रवास लागतो. तिला रोज गाव ते बाजार एवढेच फिरवले, तर ती काजळीने तुंबते.

यातल्या शर्यतीच्या वळणाच्या गाड्या तर आणखी नाजूक. बीएमडब्ल्यूच्या २००५ ते २०१० दरम्यानच्या 'एम ५'मध्ये दहा सिलिंडरचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याचा आवाज ऐकणाऱ्याला वेड लावी. पण त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजणे जगभर कुप्रसिद्ध आहे. जाणकार मालक ते बिघडण्याची वाट न पाहता आधीच बदलून घेतात, कारण वाट पाहिली तर इंजिनच जाते.

महाराष्ट्राला या गाड्या परक्या नाहीत. मर्सिडीज १९९५ पासून पुण्याकडे तयार होऊ लागली, ऑडीची जुळणी औरंगाबादेत होऊ लागली. त्याच औरंगाबादेत ऑक्टोबर २०१० मध्ये उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. मराठवाड्याला मागास कोण म्हणतो, असा त्यामागचा सूर होता. स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्क्यांनी कर्ज दिले. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी यापेक्षा बरेच जास्त व्याज पडते, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लक्ष वेधले होते. माझ्यासारख्या बँकवाल्याला ती तुलना आजही बोचते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे त्या १५० गाड्यांची मुदत २०२५ मध्येच भरली. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. अभिमानाने घेतलेली गाडीही अखेर कागदावर म्हातारी होतेच.

विमा आहे ना, असे लोक म्हणतात. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नव्हे. गिअरबॉक्स आपसूक बिघडला तर साधी पॉलिसी छदाम देत नाही. अपघातातही रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर यांच्या किमतीतून निम्मी रक्कम झिजेपोटी वजा होते. ही वजावट टाळणारी पुरवणी जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

शिवाय गाडी बंद पडते ती सोयीच्या ठिकाणी पडत नाही. या कंपन्यांच्या वर्कशॉपसाठी आमच्याकडच्या माणसाला बहुधा नागपूर गाठावे लागते. चारही चाकांना जोर असलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढता येत नाही, गिअरबॉक्स खराब होतो. सपाट फळीचा ट्रक मागवावा लागतो. दीडशे किलोमीटरचे ते भाडे म्हणजे दुरुस्तीच्या आधीचाच खर्च.

तरीही कोणाला घ्यायचीच असेल, तर हौसेला मी नाव ठेवणार नाही. पण चार गोष्टी पाहाव्यात. सर्व्हिसची सगळी नोंद आहे का? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संगणक लावून तपासणी करू देतो का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, गालिचा उचलून पाहावा. चिखलाचा डाग दिसला तर गाडी पुरातली आहे असे समजावे. मुंबईच्या २००५ च्या आणि चेन्नईच्या २०१५ च्या पुरात हजारो मोटारी बुडाल्या होत्या. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर नक्षी शाबूत असली तरी आतून कडक झालेला असतो आणि समृद्धीवर ताशी १२० च्या वेगाला तो दगा देतो. परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र, आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि इथला रस्ता-कर यांचा हिशेब आधी करावा.

आणि शेवटची गोष्ट बँकेच्या भाषेत. खरेदीच्या किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा. तेवढे पैसे उरत नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, दलाल काहीही म्हणो. त्या तरुणाला मी हेच सांगितले. त्याने गाडी घेतली, खाते मात्र उघडले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ती एका कोपऱ्यावर बसली. वर्कशॉपचा अंदाज पाहून वडिलांनी विचारले, "एवढ्यात तं विहिरीले नवी मोटार अन् पाइपलाइन झाली असती ना?" चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जर्मन मोटार न पाहताच रचली होती.

जमिनीचा पैसा एकदाच येतो. जमीन पिढ्यानपिढ्या पिकते, मोटार पहिल्या दिवसापासून झिजते. दारात हत्ती झुलावा असे कोणाला वाटत नाही? पण जुन्या काळी तो बांधणारे आधी उसाचे मळे राखून असत.