वीस हजार युरोंच्या गाडीत बॅटरी केवढी?

मार्च २०२५ मध्ये फोक्सवॅगनने ‘आयडी. एव्हरीवन’ नावाची एक छोटी इलेक्ट्रिक गाडी दाखवली आणि ती २०२७ मध्ये साधारण २०,००० युरोंना बाजारात आणू असं जाहीर केलं. दाखवली ती नमुन्याची गाडी. तिची लांबी ३.८८ मीटर, बसायला चौघांची सोय, डिकी ३०५ लिटरची, मोटर ७० किलोवॅटची, कमाल वेग ताशी १३० किलोमीटर आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला निदान २५० किलोमीटर. एवढं सगळं सांगितलं, पण बॅटरी केवढी आणि कसली, हे काही त्या वेळी सांगितलं नाही. स्वस्त इलेक्ट्रिक गाडीची बाकी सगळी रचना मात्र त्या एकाच आकड्यावर ठरते. म्हणून तो आकडा आपणच काढून पाहू. त्याला कंपनीतली गुपितं लागत नाहीत. शाळेतलं भौतिकशास्त्र आणि थोडी वजाबाकी पुरते.

वजाबाकी आधी. जर्मनीत विक्रीच्या किमतीतच १९ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. तो काढला की २०,००० युरोंचे सुमारे १६,८०० उरतात. विक्रेत्याचं कमिशन, वाहतूक, पोलाद, काचा, एअरबॅग, मजुरी, सगळं यातच बसवायचं. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरीचा जागतिक सरासरी भाव दर किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट, तेव्हा पुढे युनिटच म्हणू. दहा युनिटांनी बॅटरी वाढवली की खर्च हजारभर डॉलरनी वाढतो. वरून साठ-सत्तर किलो वजन वाढतं, ते पेलायला स्प्रिंगा आणि सांगाडा जाड करावा लागतो, आणि त्या वाढलेल्या वजनाला ओढायला पुन्हा वीज लागते. महागड्या गाडीत हे खपून जातं. इथे नाही.

आता भौतिकशास्त्र. माणसं धरून तेराशे किलोंची, अशा आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने जात असेल तर तिला मुख्य विरोध टायरांचा असतो. वेग वाढला की हवा आडवी येते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माझ्या ढोबळ हिशेबाने ५० च्या वेगाला शंभर किलोमीटरसाठी चाकांपाशी सुमारे साडेपाच युनिटं लागतात. १०० च्या वेगाला तीच पावणेबारा होतात आणि १३० ला सव्वासतरा. मोटरमधली आणि इलेक्ट्रॉनिक्समधली गळती वेगळीच. कमाल वेग १३० वरच का थांबवला असावा, हे यावरून कळतं. ऑटोबानवर शिफारस केलेला वेगही तोच आहे. त्यापलीकडे जाणाऱ्या दर किलोमीटरसाठी जी जास्तीची बॅटरी बाळगावी लागेल, तिचे पैसे रोज गावातल्या गावात फिरणाऱ्या ग्राहकाकडून का घ्यायचे? मला हा निर्णय पटतो.

छोट्या गाडीला हवेशी जमवून घेणं तसंही अवघड असतं. गाडीवरून गेलेली हवा मागे अलगद एकत्र यायला लांब, निमुळतं शेपूट हवं. ते चार मीटरच्या आत बसवायचं तर मागच्या माणसाचं डोकं छताला लागतं. म्हणून छत जवळपास सरळ ठेवून मागच्या काचेवर छोटी पट्टी काढायची आणि हवेचा प्रवाह तिथे नेमका तोडायचा, हाच व्यवहारी मार्ग. नमुन्यातली १९ इंची चाकंही मूळ किमतीच्या गाडीत बहुधा दिसणार नाहीत. अरुंद टायर स्वस्त असतात आणि कमी हवा कापतात.

मग बॅटरी केवढी? शेजारच्या गाड्यांकडे पाहिलं की अंदाज जवळ येतो. रेनॉने नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवलेल्या इलेक्ट्रिक ट्विंगोत २७.५ युनिटांची बॅटरी आहे आणि युरोपीय चाचणीनुसार तिचा पल्ला २६३ किलोमीटर. किंमत वीस हजार युरोंच्या आतच. फोक्सवॅगनच्याच थोड्या मोठ्या आयडी. पोलोची छोटी बॅटरी ३७ युनिटांची आहे. (पोलो आपल्याला परकी नाही. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत तिची इंजिनवाली भावंडं बनत होती.) एव्हरीवन या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, तिशीच्या आसपास असेल असं मला वाटतं.

रसायनाबद्दल मात्र मला जवळपास खात्री आहे. ते लोह-फॉस्फेटच असणार. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. लोखंड आणि फॉस्फरस पृथ्वीवर मुबलक, म्हणून भाव कमी. शिवाय ते सहजी पेट घेत नाही आणि चार्जिंगची हजारो आवर्तनं सोसतं. टाटांच्या टियागोच्या इलेक्ट्रिक आवृत्तीत २०२२ पासून १९.२ आणि २४ युनिटांच्या याच जातीच्या बॅटऱ्या आहेत. म्हणजे युरोपातला कारखानदार आज ज्या वाटेला लागतोय तिथून आपण आधीच गेलो आहोत. अर्थात तोटेही आहेत. एका सेलचा दाब साधारण ३.२ व्होल्ट, निकेलवाल्यापेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच साठ्याला वजन जास्त. आणि बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असो की चाळीस, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. त्यावरून किती शिल्लक आहे हे ओळखणं कठीण. म्हणूनच अशा गाड्यांना अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज करा असं सांगतात. त्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतं आणि संगणकाला आपली मोजणी तपासून घेता येते.

आता थोडं गाडीखाली वाकून मागच्या चाकांकडे पाहू. तिथे ड्रम ब्रेक असतील, अशी माझी अटकळ आहे. ड्रम म्हटलं की कंजूषपणा वाटतो, पण फोक्सवॅगनने आयडी. ३ सारख्या महागड्या गाडीतही ते वापरले आणि त्यामागे कारण आहे. पायडल सोडलं की मोटरच जनित्र होते, गाडीचा वेग विजेत उतरून बॅटरीत परत जातो. खरे ब्रेक क्वचितच लागतात. उघडी डिस्क अशी न वापरता राहिली की युरोपातल्या पावसात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजते. ड्रम बंद डब्यात सुरक्षित राहतो. त्यातच एव्हरीवनची मोटर पुढे आहे. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकांवर झुकतं, त्यामुळे पुढच्याच चाकांकडून जास्त वीज वसूल करता येते. मागे मोटर नसल्याने डिकी खोल होते, तो फायदा वेगळा.

काळजी वाटते ती हीटरची. इंजिनाच्या गाडीत उष्णता फुकट मिळते. इथे ती बॅटरीतून काढायची. जर्मनीतल्या जानेवारीत हीटरला दोन किलोवॅट लागत असतील आणि शहरातल्या गर्दीत ताशी सरासरी ३० किलोमीटर पडत असतील, तर शंभर किलोमीटरला जवळपास सात युनिटं नुसती ऊब खाऊन जाते. मघाशी पाहिलं, ५० च्या वेगाला गाडी ओढायलाही इतकी लागत नाहीत! थंडीत लोह-फॉस्फेट तसंही मंदावतं. त्यावर उपाय म्हणजे हीट पंप. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतो आणि एका युनिटात दोन-तीन युनिटांचं काम करतो. पण त्याचे कॉम्प्रेसर, झडपा आणि नळ्या वीस हजारांत बसवणं अवघड. तो जास्तीचे पैसे मोजून घ्यायचा पर्याय म्हणून येईल असं दिसतं, आणि तसं झालं तर मला ते आवडणार नाही. छोट्या बॅटरीच्या गाडीलाच त्याची गरज सर्वांत जास्त आहे. सीट आणि स्टिअरिंग तापवायला फार थोडी वीज पुरते. निदान एवढं तरी मूळ किमतीत यायला हवं.

डॅशबोर्डावर बटणं परत येतील, हे कंपनीचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी सांगूनच टाकलं आहे. आवाज, पंखा, दोन्ही बाजूंची ऊब आणि धोक्याचे दिवे यांसाठी खरी दाबायची बटणं. चांगलं झालं.

राहता राहिली दुरुस्ती. सेल आधी छोट्या पेट्यांत आणि मग मोठ्या पेटीत भरायची पद्धत मागे पडून आता ते थेट मोठ्या पेटीतच बसवतात. जागा वाचते, खर्च वाचतो. पण एखादा सेल बिघडला तर तेवढाच काढून बदलणं कठीण होतं. स्वस्त गाडी पहिल्या मालकानंतर दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाते, आणि तिथे हा प्रश्न उभा राहतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. क्यूआर कोड स्कॅन केला की तिचं रसायन आणि क्षमता समोर येईल. एव्हरीवन ठरल्याप्रमाणे आली तर ती या नियमाखाली जन्मलेल्या पहिल्या स्वस्त गाड्यांपैकी एक असेल, आणि दहा वर्षांनी ती जुनी म्हणून विकत घेणाऱ्याला निदान कागदावर तरी कळेल की आपण काय घेतोय.