बाजाराच्या दारात अडलेले पाऊल

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात हंगामाच्या दिवसांत सकाळपासूनच कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कांदा हातात घेऊन पारखला जातो, बोली होते आणि घोळका पुढे सरकतो. शेतकऱ्याला मात्र आपल्या ट्रॉलीपाशीच उभे राहावे लागते. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, आजूबाजूला माणसांची गर्दी. समजा, अशा रांगेत उभ्या असलेल्या चाळिशीतल्या एका शेतकऱ्याच्या छातीत एकाएकी धडधडू लागले. घशाला कोरड पडली, हातापायांना मुंग्या आल्या, डोळ्यांसमोर अंधारी आली आणि 'आता आपले काही खरे नाही' या एकाच विचाराने त्याला घेरले. ओळखीच्या माणसांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख काढला गेला, तो निर्दोष निघाला. "तुम्हाला काहीही झालेले नाही" असे सांगून त्याला घरी पाठवण्यात आले.

हे उदाहरण कल्पित आहे, पण मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत ते थोड्याफार फरकाने रोज ऐकायला मिळते. गोष्ट दवाखान्यात संपत नाही, तेथे ती सुरू होते. पुढच्या खेपेला हा माणूस ट्रॉलीबरोबर धाकट्या भावाला पाठवतो. मग एसटीने नाशिकला जाणे टाळतो, कारण मध्येच उतरता येणार नाही. लग्नाला गेला तर मांडवात कडेची, बाहेर पडायला सोपी अशी खुर्ची शोधतो. केशकर्तनालयात गळ्याभोवती कापड बांधून बसणेही त्याला नकोसे होते. वर्षभरात त्याचे जग घर, ओटा आणि कांद्याची चाळ एवढ्यावर येऊन ठेपते. घरचे म्हणतात, "काही नाही, आळस भरलाय." गावातले कोणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. आणि तो स्वतः कोणालाच काही सांगत नाही, कारण धडधाकट पुरुषाने 'मला बाजारात जायची भीती वाटते' असे कसे म्हणायचे?

या आजाराचे नावच मुळी बाजारावरून पडले आहे. बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये काही रुग्णांचे वर्णन केले. मोठा चौक किंवा निर्मनुष्य रस्ता ओलांडायची वेळ आली की या माणसांना विलक्षण भय वाटे, आणि त्या भयाचे कारण त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. वेस्टफाल यांनी त्याला 'अ‍ॅगोराफोबिया' हे नाव दिले. 'अगोरा' म्हणजे प्राचीन ग्रीक नगरांतील बाजाराची आणि सभेची जागा. मराठीत त्याचा अर्थ 'मोकळ्या जागेची भीती' असा सांगितला जातो आणि त्यामुळे बराच गैरसमज होतो. भीती मोकळ्या जागेची नसते. ज्या जागेतून पटकन निघता येणार नाही, किंवा जेथे काही झाले तर मदत मिळणार नाही असे वाटते, त्या जागेची ती भीती असते. म्हणूनच ओसाड मैदान आणि खचाखच भरलेली लोकल या दोन्ही ठिकाणी एकाच माणसाला सारखाच घाम फुटू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुधारलेल्या निकषांत अशा पाच प्रकारच्या परिस्थिती दिल्या आहेत: सार्वजनिक वाहने, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी आणि घराबाहेर एकटे असणे. यांपैकी किमान दोन ठिकाणी भीती वाटत असेल आणि ती साधारण सहा महिने वा अधिक काळ टिकली असेल, तर निदानाचा विचार होतो. याच आवृत्तीत पॅनिकचा विकार आणि अ‍ॅगोराफोबिया यांची स्वतंत्र निदाने झाली. तरी व्यवहारात या दोघांची जोडी वारंवार एकत्र दिसते.

वेस्टफाल यांच्या टिपणांतील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सोबतीला कोणी असले, किंवा नुसती पुढे एखादी घोडागाडी चालत असली, तरी या रुग्णांना चौक ओलांडणे सोपे जात असे. सोबतीचे औषध आजाराच्या पहिल्या वर्णनातच नोंदलेले आहे. त्याची मात्रा किती आणि कशी घ्यायची, हा प्रश्न मात्र पुढे शंभर वर्षे शिल्लक राहिला.

आधी झटक्याविषयी. संकट समोर दिसताच शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, पोटातले रक्त स्नायूंकडे वळते. पॅनिकमध्ये हीच तयारी समोर काहीही नसताना होते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून चक्कर, मुंग्या, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही लक्षणे येतात. माणूस त्यांचा अर्थ 'हृदयविकार', 'आता पडणार', 'वेड लागणार' असा लावतो. या अर्थाने भीती वाढते, भीतीने श्वास वाढतो आणि चक्र पुरे होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र नेमकेपणाने मांडले. झटका काही मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि नंतर ओसरतो, कारण शरीर अशी आणीबाणी फार वेळ चालवू शकत नाही. ज्याला झटका येतो त्याला मात्र हे ओसरणे बघायलाच मिळत नाही. तो त्याआधीच रांग सोडून निघालेला असतो, आणि 'निघालो म्हणून वाचलो' हा धडा मनावर कोरला जातो. प्रत्येक पलायन पुढच्या भीतीला खतपाणी घालते.

खिशातली गोळी, हातातली पाण्याची बाटली, सतत कोणाशी तरी फोनवर बोलत चालणे, ही याच पलायनाची सभ्य रूपे. 'गोळी खिशात होती म्हणून निभावले' असे मनाला वाटत राहिले, तर गोळी न घेताही ती आजार जपते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या विकाराचे निदान पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये साधारण दुप्पट होते. आपल्याकडे मात्र एखादी बाई उंबरठा ओलांडत नसेल तर तिला घरंदाज म्हणण्याची रीत आहे. पुरुष बाजारात जाईनासा झाला की आठ दिवसांत बोभाटा होतो. बाई जाईनाशी झाली तर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. आठवड्याचा बाजार सासू करते, मुलांना शाळेत दीर सोडतो आणि आजार घराच्या रचनेत बेमालूम मिसळून जातो.

या विकारावरच्या स्वमदतीचा विषय निघाला की ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांचे नाव घ्यावेच लागते. तरुणपणी त्यांना क्षयरोग असल्याचे चुकीचे निदान झाले होते. त्या धसक्यातून सुरू झालेली हृदयाची धडधड पुढे थांबेना. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले, की हे भीतीने होते आहे, आणि खंदकांत आम्हा सैनिकांचेही असेच होत असे. या दोन वाक्यांनी जे केले ते तपासण्यांनी केले नव्हते. पुढे वैद्यक शिकून त्यांनी १९६२ मध्ये चेतातणावावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. त्यांची शिकवण चार पायऱ्यांची: सामोरे जा, स्वीकारा, तरंगत पुढे जा, वेळ जाऊ द्या. यातील 'तरंगणे' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. दात-ओठ खाऊन भीतीशी झुंजले तर शरीर आणखी ताठते. पोहायला शिकणारा हातपाय मारणे थांबवतो तेव्हा पाणी त्याला उचलते, तसे काहीसे. घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या रुग्णांसाठी वीक्स यांनी ध्वनिमुद्रणांचा आणि लेखी मार्गदर्शनाचाही उपयोग केला.

पुस्तक वाचून घरच्या घरी केलेल्या उपचाराचे मोल किती, हे लंडनचे आयझॅक मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. भीतीच्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने स्वतः जाण्याच्या सूचना काही रुग्णांना तज्ज्ञाकडून, काहींना संगणकावरून तर काहींना पुस्तकातून मिळाल्या. तिन्ही गटांत सुधारणा झाली आणि ती जवळपास सारखीच होती. सूचना कोण देतो यापेक्षा माणूस प्रत्यक्ष बाहेर पडतो की नाही, यावर सारे अवलंबून होते.

हे बाहेर पडणे कसे करायचे? आपल्या कल्पित शेतकऱ्याने वहीत एक शिडी काढावी. सर्वांत खाली, मावळतीला समितीच्या फाटकापर्यंत चालत जाऊन परतणे. त्याच्या वर, लिलाव बंद असताना रिकाम्या आवारात अर्धा तास बसणे. मग लिलावाच्या वेळी कडेला उभे राहणे. मग एसटीने विंचूरला, पुढे निफाडला, त्याहून पुढे रेल्वेने नाशिकरोडला जाणे. आणि सर्वांत वर, स्वतःची ट्रॉली घेऊन रांगेत शेवटपर्यंत थांबणे, वजनकाटा करून व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवून येणे. प्रत्येक पायरीवर भीती येणार, हे गृहीतच धरायचे. ती आली की निघायचे नाही. ती चढते, थांबते आणि उतरते, एवढे पाहून मगच परतायचे. पायरी रोज, निदान आठवड्यातून चार-पाच दिवस करायची, आणि तिथली भीती निम्म्यावर आली की वरची घ्यायची. 'आज बरे वाटत नाही, उद्या जाऊ' हे वाक्य या आजारात सर्वांत महाग पडते.

श्वासाचा सराव उपयोगी आहे, पण तो घरी शांतपणे शिकावा: नाकाने, पोटापर्यंत, सावकाश, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ देत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही. त्रास खरोखरच हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर तो घातक ठरू शकतो. चहा-कॉफी कमी केल्यास धडधड कमी होते, हा साधा अनुभव अनेकांना येतो.

शिडी चढताना सोबती लागतो, आणि येथे घरची माणसे प्रेमापोटीच चुकतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात जोडीदाराला हाताशी धरून घरी करण्याचा सरावक्रम तयार केला. त्यात जोडीदाराचे काम होते सरावाला प्रोत्साहन देणे आणि झालेल्या प्रगतीची दखल घेणे. रुग्णाच्या वतीने बाजार करून आणणे हे त्याचे काम नव्हते. 'तू राहू दे, मी जातो' म्हणणारा भाऊ नकळत आजाराच्या बाजूने उभा राहतो.

घरच्यांना जे जमत नाही ते पुष्कळदा समदुःखी माणसाला जमते. १९७४ मध्ये हँड, लामोंताय्न आणि मार्क्स यांनी अ‍ॅगोराफोबियाच्या रुग्णांना गटाने बाहेर नेऊन उपचार केले. ज्या गटांत एकमेकांना धरून राहण्यावर भर होता, त्यांतील लोक उपचार संपल्यावरही सुधारत राहिले. पुढच्या एका प्रयोगात हा फरक तितका ठसठशीत दिसला नाही, तेव्हा गट म्हणजे जादू नव्हे. पण 'मलाही असेच होते' हे वाक्य लाज कमी करते, आणि या आजारात लाजच माणसाला सर्वांत जास्त काळ कोंडून ठेवते.

मराठी मुलखात याची बीजे आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेल्या 'आयपीएच' संस्थेने मानसिक आरोग्य हा खुल्या संवादाचा विषय केला. आणि लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या नाशिकच्याच पेठ तालुक्यात २०१३ पासून 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला गेला. ४१ गावांतील बचत गटांच्या स्त्रिया आणि शेतकरी मंडळांतील पुरुष यांना प्रशिक्षण देण्यात आले. काहींनी गावात मनाने खचलेली माणसे ओळखायची, तर काहींनी त्यांच्याशी चार ते सहा बैठकांत पद्धतशीर बोलायचे, अशी कामाची वाटणी होती. २०१७ मध्ये हाच नमुना गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात नेला गेला. हा प्रकल्प अ‍ॅगोराफोबियासाठी नव्हता. उदासी, चिंता, घरगुती त्रास असा त्याचा आवाका होता. तरी पेठच्या डोंगरी गावांत जे जमले ते निफाड तालुक्यासारख्या सधन, द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात का जमू नये? बचत गट येथेही आहेत, आणि दर आठवड्याला माणसे एकत्र येण्याची सवयही.

असा गट करायचा तर एक पथ्य पाळावे. बैठक म्हणजे लक्षणांची उजळणी नव्हे. तासभर प्रत्येकाने आपापली धडधड वर्णन केली तर सारेच अधिक घाबरून घरी जातात. बोलण्याचा विषय 'गेल्या आठवड्यात कोणती पायरी केली आणि पुढच्या आठवड्यात कोणती' हा असावा, आणि शक्य तर बैठकीनंतर दोघातिघांनी मिळून खरोखरच बाजारात एक फेरी मारावी. गटातले गटातच राहावे, हेही आलेच. गाव लहान असते.

स्वमदतीला मर्यादा आहेत. पहिल्या झटक्यानंतर हृदय, थायरॉइड, रक्तक्षय यांची तपासणी व्हायलाच हवी. छातीतील प्रत्येक कळ मनाची मानणे हा जुगार आहे. सोबत खोल उदासी असेल, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा भीती दाबण्यासाठी दारूचा आधार घेतला जात असेल, तर गटावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे. नैराश्यावर दिली जाणारी काही औषधे पॅनिकवरही चांगली चालतात, पण त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. याउलट अल्प्राझोलामसारखी गोळी अर्ध्या तासात शांत करते आणि म्हणूनच तिची सवय लागते. दुकानातून परस्पर घेतलेली ही गोळी अनेकांच्या आजाराची दुसरी गाठ झाली आहे. ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावी लागते. घराबाहेर पडणेच जमत नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते.

बरे झाल्यावरही एखाद्या हंगामात, झोप कमी झालेली असताना किंवा भाव पडल्याच्या धास्तीत, झटका पुन्हा येऊ शकतो. तो आला म्हणजे सारे पाण्यात गेले असे नसते. अशा वेळी शिडीवरून दोन पायऱ्या खाली यावे आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा चढायला लागावे. सोबत्यानेही तोवर आपली जागा बदललेली असावी: पहिल्या आठवड्यात ट्रॉलीला टेकून शेजारी, नंतर रांगेच्या टोकाला, मग फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर, आणि शेवटी स्वतःच्या घरी, स्वतःच्या कामात.