एक दणदणीत वाफ

चहाच्या किटलीच्या तोंडाशी नीट पाहा. आत पाणी खळखळतंय, बाहेर पांढरा लोट उठतोय. पण तोंड आणि लोट यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी दिसते. तिथे काहीच नाही असं वाटतं. खरी वाफ नेमकी तिथेच असते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते गार हवा लागल्यावर तिचं झालेलं पाणी, बारीक बारीक थेंबांचं. आपण ज्याला वाफ म्हणत आलो ती खरं तर वाफ संपल्याची खूण आहे.

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दरवर्षी ओट्यामागच्या टाइल्स, शेगडीखालची जागा आणि बाथरूमच्या फरशीचे काळे पडलेले सांधे यांच्याशी झटापट होते. यंदा प्रश्न निघाला, स्टीम क्लीनर घ्यायचा का? जाहिरातीत झोत फिरतो आणि मागे लख्ख फरशी उरते; साबण नाही, घासणं नाही. काही हजारांचा मामला, म्हणून आधी वाफ समजून घ्यावी असं ठरवून वाचायला बसलो, आणि त्या बोटभर मोकळ्या जागेतच अडकलो. यंत्र घ्यावं की नाही, याचं उत्तर तिथेच दडलेलं निघालं.

भांडंभर पाणी मोठ्या आचेवर ठेवलं आणि पाच मिनिटांत त्याला आधण आलं असं धरू. आच तशीच ठेवली, तर भांडं कोरडं पडायला आणखी किती वेळ लागेल? निदान पस्तीस मिनिटं. इतका वेळ गॅस जळत राहतो आणि पाण्याचं तापमान मात्र शंभर अंशांवरून तसूभरही हलत नाही. मग ती सगळी उष्णता जाते कुठे? ग्लासगोमध्ये शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1762 मध्ये हेच घड्याळ लावून पाहिलं. त्यांच्या पसरट भांड्यातलं पाणी चार मिनिटांत उकळलं, पण उडून जायला वीस मिनिटं लागली. उष्णता हरवलेली नव्हती, ती वाफेत दडली होती. शाळेच्या पुस्तकात आपण तिलाच अप्रकट उष्मा म्हणून भेटलो. 25 अंशांचं एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत न्यायला 75 कॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. त्याच सुमारास ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉट यांनी गार पाण्यात वाफ सोडून पाहिली, तर ती स्वतःच्या वजनाच्या सहापट पाणी उकळीला आणत होती. ते चक्रावले, आणि कोडं घेऊन ब्लॅक यांच्याकडेच गेले.

आपल्या स्वयंपाकघरात हे कोडं रोजच सुटत असतं. मोदकपात्रात हळदीच्या पानावर मोदक ठेवले, झाकण घातलं, की वाफ वर येते आणि गार मोदकाला टेकते. टेकताक्षणी तिचं पाणी होतं, आणि त्याच क्षणी तिने पोटात बाळगलेली सगळी उष्णता ती मोदकाला देऊन टाकते. “एक दणदणीत वाफ येऊ दे” या सांगण्यात हे सगळं शास्त्र आहे. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो तोही यामुळेच. उकळतं पाणी 40 अंशांपर्यंत निवताना ग्रॅममागे 60 कॅलरी देतं. वाफ आधी 540 देते, मग वर तेच 60. दहापट.

स्टीम क्लीनर दुसरं काही करत नाही. गार टाइल हा त्याचा मोदक. झोत टाइलला लागतो, त्याचं पाणी होतं, उष्णता टाइलवरच्या मळाला मिळते, तेलकट थर मऊ पडतो. परटाच्या जुन्या भट्टीतही हेच चालायचं. खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे उकळत्या हंड्यावर रचून ठेवायचे, आणि वाफ थराथरातून वर चढत मळ सैल करायची. दगडावर आपटणं त्यानंतरचं. ही शेवटची पायरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण वाफ मळ सोडवते, उचलत नाही. सुटलेला मळ तिथेच, त्याच पाण्यात पडून असतो. तो लगेच फडक्याने टिपला नाही, तर निवून पुन्हा चिकटतो. जाहिरातीत हे फडकं दिसत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. आत दाब धरणारा बॉयलर असेल, तर पाणी शंभरच्या पुढे तापतं. कुकरमध्ये ते सुमारे 120 अंशांवर उकळतं. बाहेरच्या हवेपेक्षा तीन बार जास्त दाब दिला तर 143 वर. आकडा जबरदस्त वाटतो. पण उष्णतेचा हिशेब केला तेव्हा मी थक्क झालो. या 143 अंशांच्या वाफेत साध्या 100 अंशांच्या वाफेपेक्षा जेमतेम दोन-अडीच टक्के उष्णता जास्त असते! सगळी दौलत त्या 540 कॅलरींत, आणि ती दोघींकडे जवळपास सारखीच. दाबाचा उपयोग वेगळा आहे. तो वाफेला सांध्यात, कोपऱ्यात, नळामागच्या फटीत घुसवतो. म्हणून घेताना तापमानाच्या आकड्याला भुलू नये. दाब किती, मिनिटाला वाफ किती ग्रॅम, आणि सोबतचे ब्रश कसे, हे विचारावं.

वाफ किती मिळेल तेही घरबसल्या काढता येतं. 1500 वॉटचं यंत्र मिनिटाला साधारण 35 ग्रॅम पाण्याची वाफ करू शकतं, त्याहून जास्त नाही. निसर्गाचा हिशेबच तसा आहे. म्हणजे लिटरभर पाणी अर्धा तास पुरतं आणि वीज पाऊण युनिट जाते. पोछ्याची बादली आठ-दहा लिटर पाणी पिते, इथे एक लिटर. पण दीड हजार वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर, त्यामुळे 6 अँपिअरच्या छोट्या प्लगवर हे यंत्र लावायचं नाही. बाथरूमजवळ 16 अँपिअरचा मोठा प्लग आहे का, हे दुकानात जाण्याआधी पाहावं.

घरात मळ तरी किती प्रकारचे! फोडणीतून उडालेलं ताजं तेल वाफेपुढे टिकत नाही. पण एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवरचा तो पिवळट, डिंकासारखा चिकटा वेगळा. तेलाचे रेणू हवेतल्या प्राणवायूने एकमेकांना सांधले जाऊन त्याचा जणू रंग बनतो. जणू कशाला, खरोखरच! करडईचं तेल रंग आणि वार्निश बनवायला वापरतात, ते याच गुणामुळे. सांधलेला थर वितळत नाही. वाफेने तो थोडा सैल होईल, पण त्याला सोड्यासारखा खार लागतोच. नळावरचे पांढरे डाग याहून हट्टी. बोअरच्या जड पाण्यातला चुना तापवल्यावर विरघळत नाही, उलट खाली बसतो. गीझरच्या कॉइलवरचं कवच तसंच तर तयार होतं. तिथे लिंबू किंवा व्हिनेगर हवं. आणि हाच चुना यंत्राच्या बॉयलरमध्येही साचतो. त्यामुळे जिथे पाणी जड, तिथे यंत्रात कुठलं पाणी घालायचं आणि चुना कसा काढायचा, हे माहितीपत्रकात वाचूनच वापरायला घ्यावं.

जंतूंचं काय? दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवून पाश्चरायझेशन होतं. 15 सेकंद हा आकडा हातात झोत धरून मोजून पाहा, फार मोठा वाटतो. टाइलवरून सर्रकन फिरलेला झोत टाइलला तेवढं तापवतच नाही. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह 121 अंशांची दाबातली वाफ बंद डब्यात पंधरा मिनिटं कोंडतो, तेव्हा कुठे चिवट बीजाणू मरतात. घरचं यंत्र ऑटोक्लेव्ह नव्हे. ढेकणांवर मात्र ते खरंच चालतं. ढेकूण आणि त्यांची अंडी अशा वाफेत तग धरत नाहीत, फक्त पलंगाच्या प्रत्येक फटीवरून हात सावकाश न्यायला हवा. गादीतले माइट नावाचे बारीक जीव, ज्यांच्यामुळे कित्येकांना शिंका येतात आणि दमा होतो, तेही उष्णतेने मरतात. पण त्यांची विष्ठा गादीतच राहते आणि त्रास तिचाच असतो, म्हणून नंतर व्हॅक्यूम फिरवावा लागतो. शिवाय माइट पाणी पीत नाहीत, ते दमट हवेतून ओलावा शोषतात. कोकणात श्रावणात गादीला वाफ दिली आणि ती दोन दिवस ओलसर राहिली, तर आपणच त्यांना मेजवानी दिली. वैशाखात गच्चीवर गाद्या टाकण्याची जुनी रीत कोरड्या उन्हाने हेच काम करत आली आहे, आणि तिला प्लग लागत नाही.

काही जागी वाफ नेऊच नये. लॅमिनेटची जमीन सांध्यातून फुगते. मॉड्युलर किचनच्या दारांच्या कडेची पट्टी गरम डिंकाने चिकटवलेली असते, ती उष्णतेने सुटते. लाकडाचं पॉलिश पांढरं पडतं, थंड काच तडकू शकते. स्विचबोर्डाजवळ तर झोत अजिबात नको. आणि दाबाचं यंत्र गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही. हे कुकर वापरणाऱ्याला सांगायची गरज नाही, पण घरातल्या मुलांना सांगावं.

शेवटी मी एक साधी परीक्षा केली, आणि घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असं मनापासून वाटतं. टॉवेल गरम पाण्यात बुडवून, हातमोजे घालून पिळला आणि जिथे यंत्राकडून आशा होती तिथे मिनिटभर दाबून धरला. मग पुसलं. उष्णतेने जो मळ हलतो तो इथेच कळतो. ओट्यामागची टाइल एका पुसण्यात निघाली. फरशीचे सांधे अर्धे उजळले. दाबाचा झोत आणि ब्रश असता तर आणखी उजळले असते. पंख्याचा चिकटा जागचा हलला नाही. नळ होता तसाच. म्हणजे आमच्या घरातलं निम्मं काम वाफेचं, निम्मं खाराचं आणि लिंबाचं. आणि वाफेचं काम वर्षातून चार-सहा दिवसांचं.

म्हणून आम्ही यंत्र घ्यायचं ठरवलं, पण जिन्यावरच्या तीन घरांत मिळून एक. मोठं मोदकपात्रही एकेकाळी असंच घरोघर फिरायचं. ज्या घरात ढेकणांचा किंवा गादीच्या धुळीचा त्रास आहे, तिथे स्वतःचं यंत्र असणं रास्त आहे. जिथे सगळा मळ म्हणजे चुन्याचे डाग, तिथे पैसे राखून लिंबं आणावीत.

यंत्र आलं की पहिला झोत मी ओट्यामागच्या टाइलवर सोडणार आहे. लांबून नाही. तोंड टाइलला जवळजवळ टेकवून, म्हणजे ती न दिसणारी, बोटभर मोकळी वाटणारी जागा थेट मळावर येईल. पांढरा लोट दिसायला लागला, की आपण लांब गेलो. उष्णता टाइलला मिळायच्या आधीच हवेला देऊन झालेली असते. दुसऱ्या हातात फडकं असेल.