बुद्धाच्या देशांचा व्यापारी गट : बिमस्टेक म्हणजे काय आणि आपला त्याच्याशी संबंध काय?

'मुक्त व्यापार करार', 'प्रादेशिक गट', 'आर्थिक एकात्मता' असे शब्द बातम्यांत आले की आपल्यापैकी बरेच जण पान उलटतात. हा विषय मोठ्या उद्योगपतींचा, आपला नाही, असे वाटते. पण दुधाचा भाव, तेलाचा डबा, कारखान्यातली नोकरी आणि श्रीलंका-थायलंडहून बोधगयेला येणारे उपासक या सगळ्यांशी अशा करारांचा संबंध असतो. म्हणून हा विषय आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

सात देशांचा गट

6 जून 1997 रोजी बँकॉक येथे भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि थायलंड यांनी एक गट स्थापन केला. त्याच वर्षी म्यानमार आणि 2004 मध्ये नेपाळ व भूतान त्यात आले. बंगालच्या उपसागराभोवतीच्या या सात देशांच्या गटाला आज 'बिमस्टेक' म्हणतात. त्याचे सचिवालय ढाक्यात आहे.

यातले श्रीलंका, थायलंड, म्यानमार आणि भूतान हे बौद्धबहुल देश आहेत. लुंबिनी नेपाळमध्ये, बोधगया, सारनाथ व कुशीनगर भारतात, तर पहाडपूरचा सोमपूर महाविहार बांगलादेशात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदांसाठी 1950 मध्ये श्रीलंकेला, 1954 मध्ये रंगूनला आणि 1956 मध्ये काठमांडूला गेले. हे तिन्ही देश आज याच गटात आहेत. देहूरोडच्या विहारातील बुद्धमूर्तीही रंगूनहूनच आली.

एकात्मतेच्या पायऱ्या

देशांमधला व्यापार एकदम खुला होत नाही, तो पायरीपायरीने होतो. पहिल्या पायरीवर काही ठरावीक मालावर आयात शुल्क कमी करतात. दुसरी पायरी मुक्त व्यापार क्षेत्राची. सदस्य एकमेकांच्या बहुतेक मालावर शुल्क घेत नाहीत, पण बाहेरच्या देशांसाठी प्रत्येकाचा दर वेगळा राहतो. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे सीमाशुल्क संघात, बाहेरच्या मालासाठीही सर्वांचा दर एकच होतो. चौथ्या पायरीवर सामायिक बाजारपेठ येते आणि माल, भांडवल व माणसेही मोकळेपणी ये-जा करतात. शेवटची पायरी एका चलनाची. युरोपातील अनेक देश युरो वापरतात, ते या पायरीवर आहेत.

आपल्याकडचे उदाहरण जकातीचे आहे. मुंबईच्या वेशीवर मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. देशांच्या बाबतीतही असेच नाके हटवायचे असतात. फरक इतकाच की देशांच्या नाक्यावर दोन्ही बाजूंना वेगवेगळी सरकारे उभी असतात.

बिमस्टेकने मुक्त व्यापाराचा प्राथमिक करार फेब्रुवारी 2004 मध्ये केला. वीस वर्षे उलटली तरी तो प्रत्यक्षात उतरलेला नाही. आसियान देशांचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक व्यापार आपसात होतो, तर बिमस्टेकमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे.

घोडे अडते कुठे?

पहिली अडचण माल नेमका कुठला, हे ठरवण्याची. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार 2000 मध्ये लागू झाला. श्रीलंकेत पामतेलावर शुल्क कमी होते आणि भारतात जास्त. त्यामुळे बाहेरचे पामतेल श्रीलंकेत आणून, त्याचे वनस्पती तूप करून ते भारतात पाठवण्याचा धंदा वाढला. कागदावर माल श्रीलंकेचा, कच्चा माल मात्र तिसऱ्याच देशाचा! म्हणून प्रत्येक करारात मालाच्या मूळ देशाचे नियम घालावे लागतात आणि त्यावरच वाटाघाटी लांबतात.

दुसरी अडचण रस्त्याची. पेट्रापोल-बेनापोल सीमेवर भारतीय ट्रकमधला माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये चढवावा लागतो. तिसरी अडचण राजकारणाची. म्यानमारमध्ये 2021 साली लष्कराने सत्ता घेतल्यापासून मणिपूरच्या मोरेहहून थायलंडला जाणारा महामार्ग रखडला आहे. 2025 मध्ये बांगलादेशाने भारतातून जमिनीमार्गे येणारे सूत थांबवले, तर भारताने तिथल्या तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद केले. सरकारांचे भांडण झाले की पहिला रोजगार जातो तो सीमेवरच्या हमालाचा.

व्यापार आणि धम्म

व्यापार आणि धम्म यांचे नाते जुने आहे. संबोधीनंतर तथागतांना पहिले अन्नदान करणारे तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते. नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात दमणगंगा, तापी अशा नद्यांवर लोकांना मोफत पार करण्यासाठी नावा ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे वाटेतला खर्च कमी करणे हे दान मानले जात होते. त्याच लेण्यांत विणकरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून भिक्खूंची सोय केल्याचीही नोंद आहे. विणकर टिकले तरच भिक्खूंचे चीवर चालत होते.

फायदा कोणाचा?

येथे बाबासाहेबांचे अर्थशास्त्र कामी येते. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी दाखवले की रुपया घसरल्यावर निर्यातदारांना होणारा नफा परदेशातून आलेला नसतो. किमती वाढतात, मजुरी मागे राहते आणि मजुराच्या वाट्याचे धन व्यापाऱ्याकडे जाते. देशाचा फायदा म्हणून जे सांगितले जाते तो एका वर्गाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा असू शकतो. व्यापार करारांनाही हाच निकष लावायला हवा.

4 नोव्हेंबर 2019 रोजी भारताने आरसेप या मोठ्या आशियाई व्यापार करारातून माघार घेतली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे स्वस्त दुग्धपदार्थ आले तर एक-दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या कुटुंबांचे काय, हा तेव्हाचा एक मोठा प्रश्न होता. शेती हा राज्यांचा विषय, पण असे करार केंद्र सरकार करते आणि त्यांना संसदेची पूर्वसंमती बंधनकारक नाही. ज्याच्या पोटाशी कराराचा संबंध आहे, त्याला तो सही झाल्यावर कळतो.

आमचे मत स्पष्ट आहे. बुद्धाच्या देशांमधली दारे उघडली पाहिजेत. 20 ऑक्टोबर 2021 ला कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर पहिले विमान श्रीलंकेहून भिक्खूंना घेऊन आले, याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्या यात्रेकरूंनी खर्च केलेला पैसा बड्या हॉटेलांत थांबतो की बोधगया-कुशीनगरच्या भूमिहीन कुटुंबांपर्यंत पोहोचतो, हे विचारावेच लागेल.

म्हणून कोणताही करार होताना आपल्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या मालावरचे शुल्क जाणार आणि तो माल आपल्याकडे कोण पिकवतो, कोण बनवतो? ज्यांचा रोजगार जाईल त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि भरपाईची तरतूद कराराआधी झाली आहे का? आणि निर्यातीची कागदपत्रे छोट्या उत्पादकाला व बचत गटाला परवडतील, इतकी सोपी आहेत का?

हे प्रश्न कराराचा मसुदा ठरत असतानाच विचारायचे असतात. बिमस्टेकचा करार अजून ठरायचा आहे, त्यामुळे विचारायची वेळ हीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!