मृदू ऊतींच्या दुखापती आणि उच्चशक्ती लेसर

पाय मुरगळला, खांदा आखडला की शेक, लेप आणि विश्रांती हे आपल्याकडील जुने उपाय. आता अनेक भौतिकोपचार केंद्रांत लेसरचे यंत्रही आले आहे. त्याच्याविषयी जितके बोलले जाते तितके सारेच सिद्ध झालेले नाही.

या उपचाराचा उगम एका फसलेल्या प्रयोगात आहे. 1967 च्या सुमारास बुडापेस्ट येथील डॉ. एंड्रे मेस्टर यांनी उंदरांवर रुबी लेसरचा प्रयोग केला. लेसर क्षीण होता. अर्बुद नष्ट झाले नाही, परंतु भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे जखमा भरून येण्यासाठी या प्रकाशाचा उपयोग होऊ लागला. पेशीतील मायटोकॉन्ड्रियामधील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तो शोषून घेते व पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, अशी सर्वाधिक मान्य उपपत्ती आहे.

0.5 वॅटपेक्षा अधिक शक्तीचे लेसर चौथ्या वर्गात मोडतात. त्यांचा मुख्य लाभ वेळेचा. 600 ज्यूल ऊर्जा द्यायची तर 10 वॅटच्या यंत्रास एक मिनिट पुरते, 0.1 वॅटच्या यंत्रास शंभर मिनिटे लागतात. मोठ्या स्नायूसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो. मात्र शक्ती वाढली म्हणून किरण त्याच प्रमाणात खोल जातात, हा विक्रेत्यांचा दावा तपासून घ्यावा. खोली मुख्यतः तरंगलांबीवर अवलंबून असते. शक्तीने त्या खोलीवर पोहोचणारी मात्रा वाढते. शिवाय मात्रा फार झाली तर परिणाम उलट घटतो.

पुराव्याचे म्हणाल तर मानदुखीवरील 2009 चा लॅन्सेटमधील आढावा (16 चाचण्या, 820 रुग्ण) आणि टेनिस एल्बोवरील 2008 चा आढावा अनुकूल आहेत. पण ते दोन्ही कमी शक्तीच्या लेसरचे. त्यांचे श्रेय चौथ्या वर्गाच्या यंत्रांना परस्पर देता येत नाही.

मेलॅनिन हा प्रकाश शोषते. म्हणून सावळ्या त्वचेवर, तसेच गोंदणावर, उष्णता अधिक साठते. शक्ती कमी ठेवून यंत्राचे टोक सतत फिरवत राहावे लागते. खोलीतील सर्वांना त्या तरंगलांबीचाच संरक्षक चष्मा हवा. कर्करोगाच्या गाठीवर वा गरोदर स्त्रीच्या पोटावर हा उपचार करीत नाहीत. चटका बसू लागल्यास रुग्णाने तत्काळ सांगायचे असते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णाला मात्र तो कळतच नाही.