नाशिकची नोट आणि जपानचा रुपया

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि पाठोपाठ तिथला रुपयाही आपणच छापायला घेतला. वर इंग्रजीत ‘द जपानीज गव्हर्नमेंट’, ब्रह्मदेशाची खूण म्हणून ‘बी’ हे अक्षर. अनुक्रमांक मात्र नाही. किती नोटा छापल्या याचा हिशेब कुणाला द्यायचाच नव्हता! मलायासाठी ‘एम’, फिलिपिन्ससाठी ‘पी’ अशी सोय होतीच.

तोवर ब्रह्मदेशात नोटा काढण्याचं काम रिझर्व्ह बँकेकडे होतं. भारताच्या नोटा पूर्वी इंग्लंडमधून छापून येत. १९२८पासून त्या नाशिकच्या छापखान्यात निघू लागल्या. जपानने या भारतीय नोटांच्याही हुबेहूब बनावट प्रती काढल्या. त्यामुळे राजा सहाव्या जॉर्जचा जलचिन्हातला एका बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा केला आणि भारतीय नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा आला. आज आपण नोट उजेडात धरून शोधतो तो धागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची देणगी.

चीनमध्ये जपानने हा उद्योग आधीच करून पाहिला होता. १९३८मध्ये बीजिंगला आणि १९४१मध्ये नानजिंगला बाहुल्या सरकारांच्या बँका निघाल्या. बीजिंगच्या १ युआनच्या नोटेवर कन्फ्यूशियस आहे. त्याच्या हातांची बोटं चिनी कारागिराने मुद्दाम अश्लील खूण होईल अशी कोरली, असं संग्राहक रंगवून सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, नोट विकली जाते ती त्या बोटांमुळेच. युद्ध संपल्यावर नानजिंगच्या २०० युआनच्या बदल्यात चीन सरकारने १ युआन दिला.

ब्रह्मदेशात तेवढंही मिळालं नाही. १९४५मध्ये इंग्रज परतले आणि जपानी रुपया रद्दी झाला. त्याच्या जागी आल्या भारतीय नोटाच, ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ असा लाल शिक्का मारलेल्या.

जपानी रुपये भरमसाट छापल्यामुळे आजही स्वस्तात मिळतात. नवख्या संग्राहकाने सुरुवात तिथूनच करावी. लाल शिक्क्याच्या नोटेला मात्र खरा भाव आहे, म्हणूनच साध्या नोटेवर खोटा शिक्का मारणारेही आहेत. शंका असेल तर जाणकाराला दाखवावी. नाणकशास्त्राची गोडी लागलीच, तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८०मध्ये स्थापन झालेली संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेल्या आजोबांच्या ट्रंकेत अशी नोट सापडली, तर तिला इस्त्री करू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका.