झिजून पारदर्शक झालेली टेप

१९७५ साली ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडचं नाव झालं होतं, पण हातात पैसा नव्हता. ‘किलर क्वीन’ हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं होतं, तरी ‘ट्रायडंट’ कंपनीशी केलेल्या करारामुळे वादकांना आठवड्याला जेमतेम ६० पौंड मिळत. एल्टन जॉनचं काम पाहणाऱ्या जॉन रीडने त्यांचा व्यवहार हाती घेतला आणि ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या अल्बमचं काम सुरू झालं. हे नाव मार्क्स बंधूंच्या १९३५च्या विनोदी चित्रपटावरून घेतलेलं.

या अल्बमविषयी बोलताना लोक आधी खर्च सांगतात: सुमारे ४० हजार पौंड, त्या काळी रॉकमधला सर्वांत महागडा अल्बम. त्यावरून तो पैशाचा थाट वाटतो. पण त्या पैशाने स्टुडिओतला वेळ विकत घेतला, बाकी सगळं काम गळ्याने आणि हाताने झालं. सिंथेसायझर वापरलेला नाही, हे तबकडीच्या वेष्टणावर मुद्दाम छापलं आहे. ‘गुड कंपनी’मधला जुन्या वळणाचा जाझ ताफा ऐका. त्यातली क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन म्हणजे ब्रायन मेची गिटार आहे; तीही त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून.

याच अल्बममधल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचं काम वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं. टेपवर ट्रॅक २४च. गायक फ्रेडी मर्क्युरी मधल्या पट्टीत, मे खाली आणि ड्रमवादक रॉजर टेलर अगदी वर, असे तिघे एकच ओळ पुन्हा पुन्हा गात. ते थर एका ट्रॅकवर एकत्र उतरवायचे, मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं, की वाढला समूह. फक्त गाण्यातल्या ऑपेरासारख्या भागाला तीनेक आठवडे लागले, थर सुमारे १८० झाले. टेप यंत्रावरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि ती उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागली, अशी आठवण निर्माते रॉय थॉमस बेकर आणि बँडमधले सांगत. आणखी गायचं तर आधीचं गाणं पुसट होणार, ही भीती प्रत्येक थराला होती. इतकं करूनही शब्द स्वच्छ ऐकू येतात, याचं मला आजही नवल वाटतं.

मर्क्युरी म्हणजे झांझिबारला पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा. आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, पियानो शिकला आणि मित्रांबरोबरच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये तो वाजवू लागला. ‘ऱ्हॅप्सडी’त भारतीय राग शोधत बसण्यापेक्षा मला हा शाळेतला पियानो मोलाचा वाटतो, कारण ते गाणं पियानोवरच उभं आहे.

५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं मत होतं. ‘कॅपिटल रेडिओ’च्या केनी एव्हरेटने शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं, लोक दुकानांत तबकडी मागू लागले. ३१ ऑक्टोबरला ती निघाली आणि पुढे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. नोव्हेंबरमध्ये आलेला अल्बमही ब्रिटनमध्ये अव्वल ठरला. समीक्षक मात्र विभागले गेले. ‘मेलडी मेकर’ला त्या गाण्यात ऑपेराची वरवरची नक्कल दिसली. तीन गळ्यांमागचे कष्ट त्या समीक्षकाला ऐकू आले नाहीत, आणि हा मी अन्याय मानतो.

मैफलीत चौघांना तो समूह उभा करणं अशक्य होतं. क्वीनने त्यावर खोटा मार्ग काढला नाही. ऑपेराचा भाग आला की ते रंगमंच सोडून जात, टेप वाजू देत, आणि गिटारचा दणका सुरू होताच परत येऊन गाण्याचा पुढचा भाग स्वतः वाजवत.